कुठपर्यंत आले?

मी या शाळेत रुजू व्हायला आले त्या दिवशी सर मला घ्यायला वीर स्टेशनवर गेले होते, आणि त्यांनी दुसऱ्याच बाईंचं स्वागत केलं.

त्या बाई महाडच्या एका लग्नाला आलेल्या, नवऱ्या मुलाची आत्या. हातात बॅग, चेहऱ्यावर नव्या गावात उतरल्याचा गोंधळ. सरांना तेवढं पुरलं. त्यांनी पुढे होऊन बॅग घेतली, हातात नारळ दिला, तांब्यातलं पाणी दिलं आणि म्हणाले, "आलात! बरं झालं." आत्याबाईंना वाटलं, मुलीकडची माणसं सीमांतपूजनाला थेट स्टेशनवर आली. त्या खूश झाल्या. रिक्षात त्यांनी मानपानाबद्दल दोन तक्रारी केल्या, त्याही सरांनी मान हलवून ऐकून घेतल्या. रिक्षा शाळेच्या फाटकाशी थांबली तेव्हा मी तिथे आधीच उभी होते. महाड स्टँडवरून एसटीने आले होते, हातात प्रमाणपत्रांची फाईल.

"हा हॉल?" आत्याबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही नवरीचे कोण?"

"मी इतिहासाचा शिक्षक," सर म्हणाले.

मग ते त्यांना महाडला कार्यालयात पोचवून आले. परत आल्यावर मला म्हणाले, "तुमचं स्वागत राहिलं. असं करा, फाट्यापर्यंत परत जा. मी येतो." मी नकार दिला. मला पाचवीचा तास होता.

सर मूळचे वसईचे, कॅथलिक. महाड आणि पोलादपूरच्या मधल्या आमच्या हायस्कूलमध्ये तरुणपणी नोकरीला आले आणि निवृत्तीपर्यंत राहिले. लग्न केलं नव्हतं. उंच, वाकलेले, बाराही महिने खांद्यावर छत्री. शिकवायचे इतिहास, पण अभ्यासक्रमात काहीही असलं तरी गाडी रोमला जायची. मुलं त्यांना रोमन सर म्हणत. वेळापत्रक मी करायची, त्यामुळे माझा त्यांच्याशी रोजचा संबंध, आणि संबंध म्हणजे वाद. ते तासांचे आकडे रोमनमध्ये लिहीत. सहावा आणि चौथा यांत एका दांडीच्या जागेचा फरक. दोन शिक्षक एकाच वर्गात, आणि एक वर्ग मोकळा सुटून आंब्याच्या झाडावर, असं वर्षातून दोनदा तरी व्हायचं.

मी याद्या करणारी बाई आहे. घरी, शाळेत, सहलीला. शिक्षकांच्या वार्षिक जेवणाचा दिवस ठरवायचं काम माझ्याकडे असे. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. उरलेल्या दिवसांतला शुक्रवार सरांचा. त्या दिवशी ते मटणाला शिवत नसत.

"तुमचा कोणता देव शुक्रवारी?" आमच्या शिपायाने एकदा विचारलं.

"देव तोच. शुक्रवारी त्याला मारलं."

बुधवार ठरला.

रविवारी ते महाडजवळच्या सव गावी जात, गरम पाण्याच्या कुंडावर. गुडघे शेकायला जातो असं म्हणत, पण तिथे कंबरभर पाण्यात बसून ते शेजारच्या माणसाला रोमन स्नानगृहं समजावून सांगत. आधी कोमट खोली, मग गरम, मग गार. एकदा एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग कामाला कवा जायाची ती माणसं?" सर म्हणाले, हा प्रश्न एकाही इतिहासकाराला सुचलेला नाही. घरी येईपर्यंत ते हसत होते.

पण त्यांची खरी खोड म्हणजे पाहुण्याला पुढे जाऊन घेणं. मुंबईकडून येणारा असेल तर वीर किंवा दासगाव, घाटावरून आंबेनळी घाटाने येणारा असेल तर पोलादपूर. नवीन शिक्षक, बदलून आलेला शिपाई, नापास होऊन शाळा सोडलेला आणि पुन्हा यायला तयार झालेला मुलगा, कोणीही असो. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका घरी महिन्यातून एकदा मिसा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, व्हायची. केरळच्या दोन नर्स, झारखंडचे काही कामगार आणि सर, एवढीच मंडळी. चर्च नाही याचं सरांना वाईट वाटत नसे. "सुरुवातीची तीनशे वर्षं आम्ही बहुतेक असेच घराघरांत जमलो. आम्हाला सवय आहे." मिसा करायला फादर स्वतःच्या गाडीने येत. तरी सर दासगावला रस्त्यात उभे राहून गाडी थांबवत आणि आत बसत.

"सर, मी रस्ता चुकत नाही हो," फादर म्हणायचे.

"चुकत नाही म्हणून येऊ नये की काय?"

मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं लोटायची तेव्हा सर आणि आमचा शिपाई पहाटेच महामार्गावर पाण्याचे दोन माठ मांडून उभे राहत. शिपाई बौद्ध, त्याची ती घरची परंपरा. सरांना मी एकदा म्हटलं, "तळ्यावर पाण्याची सोय असते की." तर म्हणाले, "तळ्यापर्यंत पोचायला पाणी लागतं, बाई."

याला ते 'सामोरं जाणं' म्हणत आणि त्या शब्दाबद्दल फार हळवे होते. एकदा मुख्याध्यापक परिपाठाला बोलत होते, "मुलांनो, संकटाला सामोरे जा." सर मागून म्हणाले, "संकट येतंच. सामोरं जायचं ते माणसाला." मुख्याध्यापकांनी भाषण तिथेच संपवलं. मुलांनी शब्द उचलला. सर वर्गात नसले की म्हणायची, "सर सामोरे गेलेत." मी तसं हजेरीवर लिहू शकत नव्हते.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती, ती ते दरवर्षी नववीला सांगत. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेत होते. बेड्या, बरोबर शिपाई, समोर नीरोचं न्यायालय. रोममधल्या ख्रिस्ती माणसांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, त्याचं एक पत्र तेवढं आलेलं. त्यांना कळलं, तो येतोय. तेव्हा ती शहर सोडून आप्पियन रस्त्याने चालत निघाली. काही जण आप्पियाच्या पेठेपर्यंत गेले. काही तेवढं गेले नाहीत, बरेच मैल अलीकडे 'तीन खानावळी' नावाचं ठिकाण होतं तिथे थांबले. त्यांना पाहून पौलाला धीर आला.

"त्यांतल्या एकाचंही नाव लिहिलेलं नाही," सर खडू टेबलावर ठेवून सांगत. "कुठपर्यंत आले, ते मात्र लिहिलेलं आहे."

म्हणून कोणी काहीही सांगितलं, लग्न, बाळंतपण, बदली, तरी सरांचा एकच प्रश्न. "घ्यायला कोण आलं? कुठपर्यंत आलं?" पोलादपूरच्या स्टँडजवळ तेव्हा चहा-मिसळीची तीन हॉटेलं होती. सरांनी त्या नाक्याला 'तीन खानावळी' हेच नाव ठेवलं होतं. पुढे चौथं हॉटेल निघालं तर आठवडाभर नाराज होते.

नामदेवची गोष्ट याच नाक्यावरची.

पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथे एसटी जात नसे. नामदेव आमचाच विद्यार्थी, वाडीतली माणसं आणि शाळेची पोरं तो जीपने आणायचा. एका सणाच्या आदल्या दिवशी त्याने नको तेवढी माणसं भरली आणि वळणावर जीप उलटली. भागाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंचा पाय मोडला, तो कायमचा अधू झाला. मागच्या फळीवर बसलेले किसनचे वडील गेले. किसन नामदेवचा भावकीतला भाऊ, दोघांच्या घरांना अंगण एकच. नामदेवने गुन्हा कबूल केला. घाटावरच्या तुरुंगात त्याला ठेवलं होतं.

सर त्याला भेटायला जात. मी एकदा विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं? तेव्हा त्यांनी मला त्यांच्या धर्मातली दयेची सात कामं सांगितली. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट, मेलेल्याला मूठमाती. यादी मला आवडली. तिच्यात 'भावना ठेवावी' असं काही नव्हतं. उठून करायचीच कामं होती सगळी.

सुटकेची तारीख जवळ आली तेव्हा सर काळजीत दिसले. नामदेवने त्यांना सांगितलं होतं, "सर, मी वाडीत जाणार नाय. पोलादपूरला उतरीन आन तिथनंच मुंबईची गाडी धरीन. कुठल्या तोंडानं जाऊ?" वाडीत त्याची आई एकटी होती, गुडघ्यांनी अधू. मुंबईला गेलेला माणूस परत येतो, पण असा गेलेला येत नाही, हे सरांना ठाऊक होतं आणि मलाही. पोलादपूरच्या नाक्यावर तो कुठल्या गाडीत बसतो, यावर त्या बाईचं उरलेलं आयुष्य होतं.

सरांना गाडी चालवता येत नसे. एका सकाळी मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून वाडीत नेलं. आधी नामदेवच्या आईकडे गेलो. चुलीशेजारी दोन हंडे भरलेले होते. विहीर खाली उतारावर, पावसाळा सोडला तर चढ चढून पाणी आणावं लागतं.

"पाणी कोण भरतं तुमचं?" मी विचारलं. मला असले प्रश्न आधी सुचतात.

"भरतंय कोनतरी," त्या म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.

मग किसनच्या ओट्यापाशी गेलो. तो बांबू चिरत बसला होता. आम्हाला बसा म्हणाला, स्वतः उठला नाही.

"किसनराव, नामदेव मंगळवारी सुटतोय," सर म्हणाले. "दुपारच्या गाडीने पोलादपूरला उतरेल."

"मंग?"

"मी घ्यायला जाणार आहे."

"जावा की." बांबूचं एक कांबट सरकन निघालं. "तुमचा धरम सांगतो, माफ करा. ऐकलाय मी."

"सांगतो. पण मी आज ते सांगायला आलेलो नाही. गाडीची वेळ सांगायला आलोय."

किसनने पहिल्यांदा वर पाहिलं. तोवर अंगणात पाच-सात माणसं जमली होती. भागाबाई काठी टेकत आल्या आणि दगडावर बसल्या. सरांना श्रोते दिसले की राहवत नसे. त्यांनी पौलाची गोष्ट सांगितली, आप्पियाच्या पेठेसकट.

"त्यो बेड्यांत व्हता?" भागाबाईंनी विचारलं.

"हो. शिपायाबरोबर."

"आन तरी गेली माणसं?"

"काही पेठेपर्यंत गेली. काही अलीकडेच, खानावळींपर्यंत."

"आन बाकीची?"

"बाकीची घरीच असतील. त्यांच्याबद्दल काही वाईट लिहिलेलं नाही. ज्याला जिथपर्यंत येववेल, तिथपर्यंत त्यानं यावं."

"आन ज्याला नायच येववलं?" हे किसनने विचारलं, मान खाली घालून.

"तर नाही," सर म्हणाले.

परत येताना मी म्हटलं, "कोणी येणार नाही, सर." ते मागून म्हणाले, "आपण दोघं आहोत की." मी येणार असं मी म्हटलं नव्हतं.

आणि त्याच रविवारी सर सवला कुंडाच्या पायरीवर घसरले. घोट्याचं हाड मोडलं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मी भेटायला गेले तर उशीला टेकून पडले होते. रोमन लोक पायऱ्या इतक्या गुळगुळीत ठेवत नसत, असं म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले. मी पर्स उघडली आणि लिहू लागले. पाणी, पोळीभाजी, छत्री.

"एकच सांगतो," सर म्हणाले. "वाट बघताना बसू नका. सामोरं जाणारा माणूस उभा असतो."

मंगळवारी मी रजा टाकली. पोलादपूरला बाजार होता. उन्हात, पिशवी घेऊन, स्टँडवर उभी राहिले. वाडीचं एकही माणूस दिसेना. मुंबईची गाडी आधीच लागून उभी होती, अर्धी भरलेली. मग घाटातून गाडी आली आणि नामदेव उतरला. बारीक झालेला, हातात एक कापडी पिशवी. त्याने माझ्या मागे, बाजूला पाहिलं.

"सर नाय आले?"

"सर पडले. सवला."

त्याला हसू फुटलं. "रोमन आंघोळ?"

"तीच. पाय मोडलाय. मला पाठवलं." मी पाण्याची बाटली पुढे केली. "आलास! बरं झालं."

तो पाणी प्यायला. बाटली परत देताना त्याची नजर मुंबईच्या गाडीकडे गेली. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. "बाई, सरांना सांगा मी... आईला पैसे धाडीन म्हनावं." आणि तो निघाला. माझ्या यादीत पुढचं काही नव्हतं.

"नाम्या!"

बाजाराच्या बाजूने भागाबाई येत होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी, वर मिरच्यांचे देठ दिसत होते. नामदेव जागीच थांबला. त्याने त्यांचं चालणं पाहिलं आणि मान खाली घातली.

"मिरच्या घ्यायला आले व्हते," त्या मला म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "बघतोस काय? पिशवी धर. तुज्यामुळं लंगडतेय, तर वझं तुलाच उचलाया लागंल का नाय?"

त्याने पिशवी धरली.

"आन सांभाळून धर. अंडी हायत."

मुंबईची गाडी सुटली. नामदेवच्या एका हातात अंडी होती, दुसऱ्या हाताला भागाबाईंनी धरलं होतं. मी रिक्षा केली.

वाडीचा रस्ता जिथे महामार्ग सोडतो त्या फाट्यावर वाडीतली दोन माणसं उभी होती. सुटलेली म्हैस शोधायला आलो, असं त्यांनी सांगितलं. म्हैस काही दिसली नाही, तरी दोघं रिक्षाच्या मागून दुचाकीवर आले. पुढे वाडीच्या खालच्या विहिरीपाशी नामदेवची आई उभी होती. तिला तेवढंच उतरता आलं होतं. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि भागाबाईंना म्हणाली, "मिरच्या काय भाव गो?" यापेक्षा जास्त काही ती बोलली असती तर रडली असती.

वर अंगणात पोचलो. किसन त्याच ओट्यावर बसला होता, पुढ्यात अर्धी विणलेली टोपली. नामदेव अंगणाच्या कडेला थबकला, पुढे येईना. त्याच्या घराच्या दाराशी किसनच्या ओट्यासमोरूनच जावं लागायचं.

किसनने टोपली बाजूला ठेवली. आणि तो उठून उभा राहिला.

ओट्यावरून उतरला नाही. एक हात खांबाला धरून तसाच उभा. म्हणाला, "म्हातारीचं पाणी मी भरतो सकाळचं. उद्यापासनं तू भर."

"भरतो," नामदेव म्हणाला.

"तांबडं फुटायच्या आत जायाचं. मागनं विहिरीवर गर्दी व्हते."

"व्हय, दादा."

एवढंच. किसन पुन्हा बसला, नामदेव अंडी सांभाळत त्याच्या ओट्यासमोरून घरात गेला. भागाबाई ओरडल्या, "माझी पिशवी!" आणि अंगण हसलं.

आज नामदेव वाडीतच आहे. जीप पुन्हा चालवली नाही, हळदीचं आणि भाताचं करतो. सर निवृत्त होऊन वसईला गेले, आठवड्याला फोन करतात आणि नववीला आता रोम कोण शिकवतं याची चौकशी करतात.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी वाडीवरून थेट त्यांच्याकडे गेले होते. ते प्लास्टरचा पाय ओढत दारापर्यंत आले होते, चौकटीला धरून उभे. मला बसा म्हणाले नाहीत की नामदेव आला का, असंही विचारलं नाही.

"कुठपर्यंत आले?" त्यांनी विचारलं.

मी क्रमाने सांगितलं. भागाबाई पोलादपूरपर्यंत, मिरच्यांच्या निमित्ताने. दोघं जण फाट्यापर्यंत, म्हशीच्या. आई विहिरीपर्यंत.

"आणि किसन?"

"तो ओट्यावरून खाली उतरला नाही, सर. जागच्या जागी उभा राहिला फक्त."

चौकटीवरचा हात काढून त्यांनी चष्मा पुसला, तोल जाईल म्हणून मी त्यांना दंडाला धरलं.

"म्हणजे सगळ्यांत लांबून तोच आला," ते म्हणाले.